सगळे घरी चला

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. उद्या कोणीतरी रील काढायला जाईल आणि शिव्या मला बसतील. बाकी जे लिहितेय ते माझ्याच पोरीबरोबर घडलंय. त्यात मीठमसाला नाही.

गेल्या डिसेंबरमधली रविवारची दुपार. खडवलीच्या पुढे, डोंगरातला रेल्वेचा जुना बोगदा. रूळ कधीच उचलून नेलेले. आता तिथे लहान मुलांनाही नेता येईल अशी पायवाट केलीय. आम्ही तिघं गेलेलो. मी, नवरा सर्वेश आणि सहा वर्षांची सान्वी.

निघताना सासूबाईंनी बजावलं, "संचिता, परतताना पोरीला नावाने हाक मार. 'सान्वी, घरी चल' म्हण." आमच्या गावाकडची रीत. परक्या जागी लेकराचं मन अडकून राहू नये म्हणून.

सर्वेश हसला. "आई, ती काय छत्री आहे का विसरायला?"

बोगद्यात गार होतं. भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे होते.

"गाडी आली की रुळांवर काम करणारे गँगमन यात शिरायचे," सर्वेशने सान्वीला सांगितलं आणि फोटो काढत पुढे गेला. वळणाआड त्याची टॉर्च दिसेनाशी झाली.

तेवढ्यात...

पायाखालची खडी थरथरली.

गरम वारा आला. कोळशाचा वास आला. विचार न करता मी सान्वीला घेऊन कोनाड्यात शिरले. समोर दिसत काहीच नव्हतं... नुसती धडधड.

मग एकदम शांत.

मी बाहेर पाऊल टाकलं. सान्वी हलेना.

"चल ना गं!"

"आई, काका सोडत नाहीयेत."

"कुठले काका?"

"हे... मागचे."

मी मागे चाचपलं. ओला दगड. पण सान्वीचा डावा हात मागे ताणलेला होता, कोणी मनगट धरल्यासारखा. मी ओढलं तशी ती किंचाळली.

"काका म्हणतात, अजून एक गाडी जायचीय!"

मी सर्वेशला हाका मारल्या. माझाच आवाज परत येत होता. आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. वाटलं, ही पोर आता मला इथून नेता येणार नाही.

पुन्हा धडधड झाली. ती थांबली आणि सान्वीचा हात सैल पडला. तिला उचलून मी पळत सुटले.

बाहेर ऊन होतं. सर्वेश रडवेला झाला होता.

"अगं, होतीस कुठे? प्रत्येक कोनाडा बघून आलो. सगळे रिकामे!"

मला सासूबाईंचं बोलणं आठवलं. पण तोंडातून नाव फुटेना. कशीबशी एवढंच म्हणाले, "चला... सगळे घरी चला."

डोंबिवलीत आमची बिल्डिंग रुळांना लागून आहे.

त्या संध्याकाळपासून गाडी आली की सान्वी कपाट आणि भिंतीमधल्या फटीत जाऊन उभी राहते. जेवता जेवता उठते. ओढून निघत नाही. डावा हात मागे... ताणलेला.

सासूबाईंनी एकच विचारलं, "नक्की काय म्हणालीस तिथे?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

आम्ही त्या काकांना परत सोडायला बोगद्यापाशी गेलेलो. बोगद्याच्या तोंडाशी जाळी होती. दरड पडल्यामुळे पायवाट बंद केलीय म्हणे.

घर बदलायचं ठरवलं. सान्वी म्हणाली, "काकांना पण न्यायचं ना? तूच बोलावलंस त्यांना."

हे लिहिताना खिडकीच्या काचा थरथरायला लागल्यात. सान्वी फटीत उभी आहे. उजवा हात माझ्याकडे केलाय.

"आई, ये लवकर. काका म्हणतात, तुला पण जागा आहे."

मी जातेय. पोरीला तिथे एकटीला कसं सोडू?