बावन्न किलो

चाचणीला नेण्याआधी प्रत्येक गाडी तोलायची, हा मास्तरांचा शिरस्ता. तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन ते लेकीच्या गॅरेजात आले, तरी तो सुटला नव्हता. प्रत्येक चाकाखाली एक, असे चार काटे.

त्या सकाळी काट्यांवर बसक्या बांध्याची हिरवी इटालियन गाडी उभी होती. तिचे इंजिन पुढे नव्हते की शेपटाकडे नव्हते. थेट सीटांच्या पाठीशी, मध्यावर होते. म्हणून वळणावर ती रस्त्याला चिकटून राही. तीन सेकंदांत शंभरचा वेग गाठणाऱ्या गाडीला भाराची लहानशी चूकही खपत नाही.

चालकाशेजारच्या बाजूला बावन्न किलो जास्त भरले.

मास्तरांनी टाकी मोकळी केली, अवजारे काढली, सीटखाली चाचपले. काटे आलटून पालटून पाहिले. काटे हलले, बावन्न किलो जागचे हलले नाहीत. सीटचे कातडे मात्र हाताला कोमट लागले. गाडी तर रात्रभर सावलीत होती.

"काटेही तुमच्यासारखेच हट्टी झालेत, बाबा," हातमोजे चढवत लेक म्हणाली.

"आज नको नेऊस हिला."

"का?"

विद्यार्थ्यांना जन्मभर कारणे विचारणाऱ्या माणसाने हाताशी आले ते कारण पुढे केले.

"ती बाजू बसलीय. अडीचशेच्या वेगात ब्रेक दाबलास तर गाडी फिरेल, पोरी."

"मग उचला की! मास्तर कोण आहे इथे?"

इथे त्यांच्यातल्या कारागिराने घात केला. गाडी अडवण्याऐवजी त्यांनी त्या बाजूच्या स्प्रिंगा आवळल्या आणि ती समपातळीत आणली. जणू तिथे कुणी बसणारच आहे, असे गृहीत धरून.

चाचणीच्या धावपट्टीच्या कडेला ते घड्याळ घेऊन उभे राहिले. गाडी गेली, तीही सुतासारखी सरळ. क्षणभर त्यांची छाती अभिमानाने भरून आली.

ठरली होती एकच फेरी. लेकीने दुसरी घेतली. मग तिसरी. मास्तर थांब म्हणून दोन्ही हात हलवत राहिले.

चौथ्या फेरीनंतर गाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली.

लेक उतरली नाही. दाराशी अंग चोरून बसली होती.

शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. ताणलेला.

"हा कोणी लावला?"

तिने ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला ना, बाबा. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."