सान लुकाची चढण

नोएमी मान वर करून उलट्या पावलांनी चालत होती. सान लुकाच्या देवळाकडे नेणाऱ्या चढणीवरच्या कमानींचं छत डोळे भरून बघायचं, तर दुसरी रीत कुठली? बाहेर शनिवार सकाळचा पाऊस धरून होता, पण बोलोन्या शहरात त्याची पर्वा करतो कोण! टेकडीच्या माथ्यापर्यंत कमानीमागून कमान, डोक्यावर छप्पर...

आणि धप्पकन ती कुणावर तरी आदळली. एक काठी खडखडत तीन पायऱ्या खाली गेली.

"पुढे बघून चालायची पद्धत नाही का तुमच्या गावात?"

"आहे की. पण आमच्या त्रिएस्तेत चालताना वर बघण्यासारखं इतकं नसतं." काठी उचलून त्याच्या हातात देत तिने छताकडे बोट केलं. "आणि ते ठिगळ बघा ना! इतक्या देखण्या कमानीला असला गडद रंग कुणी फासला?"

त्याने काठी फरशीवर टेकली. मग म्हणाला, "मी."

नोएमीने जीभ चावली.

त्याचं नाव एर्कोले. गवंडी. या कमानींची डागडुजी करणाऱ्यांपैकी एक... निदान दीड वर्षापूर्वीपर्यंत.

"ओल मुरली की गिलावा गडदच दिसतो, बाईसाहेब. कोरडा बघा, मग नावं ठेवा."

"कोरडा कुठे आहे?"

"वर."

"मग चला, दाखवा!"

त्याने नजर वळवली. "तुम्ही जा. मी रोज इथवर येतो. आणि रोज इथूनच परत फिरतो."

ती गेली नाही. शेजारच्या कठड्यावर बसली. मग हळूहळू त्याने सांगितलं. वरच्या एका कमानीत काम करताना परांचीवरून त्याचा पाय निसटला होता. हाड कधीच जुळलं. डॉक्टर म्हणतात, काठी फेकून दे.

"पण ती पायाला लागतच नाही. मनाला लागते." तो कसनुसा हसला. "मुकादमाला सोमवारी उत्तर द्यायचंय. परांचीवर चढतोस, की गोदामात बसून चुन्याची पोती मोजतोस?"

"आणि तुम्ही काय सांगणार?"

"गोदामात पाऊस लागत नाही."

"तो इथेही लागत नाहीये," नोएमी म्हणाली. मग जरा थांबून — "मी दिवसभर कचेरीत घरांचे नकाशे काढते. पण ज्याने कमानीला स्वतःचा हात लावलाय, असा माणूस मला आजवर भेटला नव्हता. उद्या मी त्रिएस्तेला परत जाणार, त्याआधी मला तुमचं काम बघायचंय, एर्कोले. कोरडं."

तो उठला. का उठला, ते त्यालाही कळलं नसावं.

चढण उभी होती. ती मुद्दाम सावकाश चालली. तो मुद्दाम भराभर. "दमलात?" "मी? छे! तुम्हीच धापा टाकताय!" असं करत करत दोघं वर येत राहिली, आणि एकाएकी तो थबकला. चेहरा पांढराफटक.

"ही... इथेच."

नोएमीने नुसता त्याचा हात धरला. बराच वेळ तो खाली फरशीकडे बघत राहिला. मग कष्टाने मान वर केली.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"ती कड! बघ — बघ ना! मी अर्धवट सोडलेली कड पुरी करताना थापी चालवलीय की खुरपं? आणि हा उंचवटा! माझ्या आजोबांनी बघितलं असतं ना, तर त्याच गिलाव्यात गाडलं असतं त्याला!" तो तरातरा पुढच्या कमानीखाली गेला. "इथेही तेच! आणि इथे तर... देवा रे!"

"एर्कोले," नोएमीला हसू आवरेना, "ती कमान मागे राहिली."

"कुठली?"

"ती. केव्हाच."

त्याने वळून पाहिलं. तो पडला होता ती कमान चार कमानी खाली होती, आणि तो वर होता. तो हसायला लागला, इतका, की खांबाला टेकावं लागलं. नोएमीचे डोळे का भरून आले, हे तिला विचारू नका.

उरलेली चढण दोघं जवळजवळ धावतच चढली. माथ्यावरच्या देवळापुढे पाऊस थांबला होता. खाली सगळं शहर लालभडक, नुकतं धुतलेलं. एर्कोलेने तिथूनच मुकादमाला फोन लावला.

"सोमवारी येतोय. गोदामात नाही, परांचीवर! आणि वरच्या चार कमानींचा गिलावा मी पाडणार. तुम्ही नको म्हणालात तरी!"

फोन खिशात टाकून तो तिच्याकडे वळला. आता मात्र शब्द अडखळले.

"तू उद्या जाणार... तर जा. पण शुक्रवारी मी त्रिएस्तेला येतोय. तुझ्या आईवडिलांना भेटायला."

"कशासाठी?" नोएमीने विचारलं. उत्तर ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

"सांगायला, की... तुमच्या मुलीवर माझं प्रेम बसलंय. दोन तासांत."

"वेड्या, आधी मुलीला सांगायचं असतं!"

"मग आत्ता काय करतोय?"

"मुलीचंही बसलंय," ती म्हणाली, आणि टाचा उंचावून तिनेच त्याचं चुंबन घेतलं.

तेवढ्यात देवळाचं दार उघडलं आणि एक वऱ्हाड हसत-खिदळत बाहेर आलं. त्यातल्या एका आजीबाईंनी मुठीतले तांदूळ थेट या दोघांवर उधळले.

"आजी, आपली नवरी इकडे आहे!" कुणीतरी ओरडलं.

"असू दे," आजीबाई दुसरी मूठ भरत म्हणाल्या, "हीसुद्धा छान आहे."