कापराची तुळई

दवाखान्याच्या जुन्या वॉर्डातली एक तुळई तडकली होती. ती कापून काढायला मी आणि दादा गेलो. पिढीजात सुतार आम्ही, काम नेहमीचंच. भर दुपार, सहा खाटांवर सहा रोगी, धूळ नको म्हणून पंखाही बंद.

लाकूड कापराच्या झाडाचं. दूरच्या सदाहरित जंगलातली ही झाडं, दीडशे-दोनशे फूट सरळसोट जाणारी. पण ही तुळई छताला चढून नव्वद वर्षं झालेली, म्हणजे वाळून खडखडीत.

दादानं शिडीवरून करवतीचे चार हात मारले आणि तो थांबला.

"काय झालं, दादा?"

"भुसा बघ..."

मी ओंजळ धरली. भुसा ओला होता. कापराचा गार वास थेट डोक्यात गेला.

"गळतंय का वरून?"

"कोरडं ठणठणीत आहे रे."

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. उमेदीत तिकडच्याच जंगलात लाकूड तोडायचे. चार महिने तोंडातून शब्द नाही, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. ते स्वच्छ आवाजात बोलले, "थांबा. तिकडे बिया सुटल्यात."

"कुठे, आजोबा?"

"जंगलात. झाडं वर्षानुवर्षं गप्प असतात. मग एखाद्या साली सगळी एकदम फळतात... सगळी. तोडलेलीसुद्धा."

वरून काहीतरी गरगरत आलं. पाच पंखांची बी. मग दुसरी. मग किती, देव जाणे. भिंगऱ्यांसारख्या फिरत त्या पांढऱ्या चादरींवर उतरत होत्या. छत बारा फुटांवर, पण बिया येत होत्या त्या कितीतरी उंचावरून... आणि तिथे, त्या उंचीवर, वारा घुमत होता. मला वर बघवेना. खाली बघणंही जमेना. सिस्टर ट्रे धरून तशाच उभ्या. ज्यांना उठवत नव्हतं ते रोगीही उठून बसले होते, तळवे पसरून.

दादा उतरला. झोपलेलं पोर ठेवावं तशी त्यानं करवत जमिनीवर ठेवली.

"मी नाही कापणार."

"अरे, आणि छत?"

"लोखंडी टेकू देऊ."

तसाच दिला. छत अजून उभं आहे. आजोबा मात्र पुन्हा बोलले नाहीत.

संध्याकाळी पायरीवर बसून दादानं खिशातली एक बी तळहातावर ठेवली. तिला एवढ्यात मूळ फुटलं होतं, दुधासारखं पांढरं. मूळ खाली जातं, मातीकडे. हे वळून दादाच्या मनगटावर, नाडीच्या जागी, टेकलं होतं.

"झटक ना, दादा..."

त्यानं हात हलवला नाही. "थांब," तो कुजबुजला. "पितंय."