टांगलेली पिशवी

डोंगरमाथ्यावरच्या वाटेचा तिसरा दिवस होता. वायरमन पुढे, त्याचा मेव्हणा मागे. आदल्या मुक्कामी मेव्हण्याने बिस्किटांचा पुडा उशाशी घेऊन झोपायचं शहाणपण केलं होतं. उंदरांनी पुड्याबरोबर सॅकही फोडली आणि निम्मा शिधा फस्त केला. वायरमन त्याला नको नको ते बोलला. सडकेला लागायला अजून दोन दिवस होते आणि दोघांत मिळून दाणे, तांदूळ, दूधपावडरची एकच पिशवी उरली होती.

दुपारी चारच्या सुमारास धुक्यात वाट हरवली, तसा दोघांनी एक दगडी निवारा गाठला. वायरमनने पाठीवरचं ओझं उतरवण्याआधी छप्पर न्याहाळलं. काम त्याच्या हातचंच होतं. तुळईवरून तार सोडली, वरून उतरणारा उंदीर घसरून पडावा म्हणून तारेत डब्याचं झाकण ओवलं आणि खाली पिशवी टांगली, भिंतीपासून चांगली दोन हात लांब.

मग त्याने कोपऱ्यांत लेंड्या शोधल्या. एकही नव्हती. बीळ नाही, कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. एवढी कोरडी, उबदार जागा, पण मुंगीही फिरकलेली नव्हती. मेव्हण्याला हे नशीब वाटलं. वायरमनला ते बरं वाटेना, पण कालच्या बोलण्यानंतर त्याने तोंड मिटून घेतलं.

धुकं हटेपर्यंत दोघं आडवे झाले. धुकं दाराला टेकून उभं होतं. कुठूनतरी ओल्या केसांसारखा वास येत होता. डोळा लागतो न लागतो तोच आवाज आला. कुरत... कुरत... थांबून थांबून, सवडीने.

छपराखालच्या अंधारात टॉर्च मारला, तर झाकण स्थिर होतं. पिशवी तेवढी हलत होती. वायरमनने ती खाली घेतली. बुडाशी अंगठ्याएवढं भोक होतं आणि कापडाचे धागे बाहेरच्या बाजूला वळलेले होते. त्याने सगळा शिधा चादरीवर ओतला. उंदीर नव्हता. दाणा नि दाणा शाबूत होता.

"दाजी," मेव्हणा पुटपुटला, "मग त्यानं खाल्लं काय?"

"त्याला खायचं नव्हतं... बाहेर पडायचं होतं."

बाहेर धुकं विरळ होऊन वाट दिसू लागली होती. उजेड आहे तोवर निघालेलं बरं, असं ठरलं. मेव्हण्याने शिधा आपल्या शिवलेल्या सॅकमध्ये कोंबला. या खेपेला वायरमन मागे राहिला. उतार लागला आणि वारा पडला, तसा तोच आवाज त्याला पुढून ऐकू आला. त्याने मेव्हण्याला थांबवलं, सॅक त्याच्या पाठीवरून ओढून काढली आणि दरीत भिरकावली. दोन दिवसांचं अन्न गेलं. ती खाली दगडांवर आपटल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

पन्नास पावलंही झाली नसतील. कुरत... कुरत...

आवाज त्याच उंचीवरून येत होता, मेव्हण्याच्या रिकाम्या पाठीतून. त्याला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. दाजी का थांबले, एवढंच त्याने मागे वळून विचारलं. वायरमनने बुटाची नाडी सुटल्याचं सांगितलं. बायकोला काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार घेऊन तो सडकेपर्यंत त्या पाठीमागून चालला.

घरी बहिणीने भावापुढे ताट वाढलं. दोन दिवसांचा उपाशी माणूस, पण त्याने घासाला हात लावला नाही. भूक नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघांना घेऊन डॉक्टरकडे गेली.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी नळी पाठीवर टेकवली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग नळी बाजूला ठेवली. छाती भरलेली असली तर तपासतात तसं, पाठीवर बोट आडवं धरून त्यांनी दुसऱ्या बोटाने हळूच ठोकलं. टक, टक.

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. तिसरी टक आतून आली होती.