चौथ्या दाराची खिडकी

मिलान गेला तेव्हा त्याच्या अंगात काय होतं?

बसा. कोट काढू नका, इथे थंडी आहे.

हा प्रश्न मी टोपी काखेत धरून आलेल्या लष्कराच्या माणसाला विचारला. तो नुसता आईकडे बघत राहिला. फादर हुडाकना विचारला. ते म्हणाले, "पालो, आत्म्याला कपडे लागत नाहीत." मिलानच्याच तुकडीतला कॉर्बेट एक पाय गमावून परत आला. त्याची तर मी कॉलरच धरली. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाला, "तिथे थंडी फार होती रे."  मिलान माझा मोठा भाऊ, कोरियाच्या डोंगरात हिवाळ्यात लढताना हरवला. वसंतात सरकारने त्याला मेलेला धरलं. पेटी आली नाही, घड्याळ आलं नाही, काही म्हणजे काही आलं नाही.

लोक म्हणतात, पालोला दुःखाने वेड लागलंय, कपड्यांचं काय घेऊन बसलाय. तेच लोक म्हणतात! आमच्या शहरात हरवलेलं पोर परत मिळवायचं तर पहिल्यांदा हेच विचारतात, हे त्यांना काय माहीत नाही?

आमचं हायस्कूलचं स्टेडियम मंदीच्या वर्षांत गावातल्या बापांनी काँक्रीट ओतून बांधलं. माझाही बाप त्यात होता. मी सातवीत शाळा सोडून वीटभट्टीवर गेलो, पण स्टेडियम काही सुटलं नाही. सगळं तिथेच व्हायचं. शुक्रवारचा फुटबॉल, ईस्टरची पहाटेची प्रार्थना, सर्कस, बँडच्या स्पर्धा. गिरणीची माणसं गाढवांवर बसून बेसबॉल खेळायची. एकदा मॅनेजरसाहेब गाढवावरून चिखलात पडले तर अख्खं स्टेडियम उभं राहिलं, आणि कोणीतरी धावत जाऊन गाढवाला गाजर दिलं.

एवढ्या गर्दीत पोरं हरवायचीच. सापडलेलं पोर चौथ्या दारापाशी, पायऱ्यांखालच्या बोगद्यात, जुन्या तिकीटखिडकीच्या खोलीत नेऊन ठेवायचे. तिथे ओर्सागकाकू बसायच्या. जाड बाई, विधवा, तोंडात कायम पेपरमिंट. मग कर्ण्यातून एड टार न्हाव्याचा आवाज यायचा, "एक मुलगा सापडला आहे. चौथ्या दाराशी आहे. घरच्यांनी घेऊन जावं."

घरचे गेले की काकू जाळीमागून विचारायच्या, "अंगात काय आहे?"

नाव विचारून उपयोग नव्हता. आम्ही राहतो त्या टेकडीवर दर तिसऱ्या पोराचं नाव यान, आणि सगळ्यांची डोकी गवतासारखी पिवळी. म्हणून कपडे. आया बोगद्याच्या तोंडापासूनच ओरडत यायच्या, "तपकिरी चड्डी, काकू! एकच पट्टा!" एखादीला सांगता आलं नाही तर काकू पोर देत नसत.

"मला सात आहेत हो! कोणी काय घातलंय ते कसं लक्षात राहणार?"

"मग सहा घेऊन जा घरी. हे मी ठेवते," काकू म्हणायच्या, आणि सगळा बोगदा हसायचा.

मिलान सहा वर्षांचा असताना सर्कशीत हरवला होता. आईने सांगितलं, "पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, कोपरावर ठिगळ." काकू म्हणाल्या, "बरोबर." तेव्हा तो बाहेर आला. हे आई आम्हाला इतक्यांदा सांगायची की मिलान वैतागून म्हणायचा, "आई, मी आता फुटबॉल खेळतो, मला सोड त्या खिडकीतून!"

ओर्सागकाकू वारल्या त्याला आता बराच काळ झाला. त्यांच्यानंतर खिडकीवर फळ्या ठोकल्या. हरवलेली पोरं आता बँडच्या तंबूत नेतात. एवढं लक्षात ठेवा.

चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, आई वसंतानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडली. निळा रुमाल बांधला आणि म्हणाली, "चल." मी मिलानचं जॅकेट घातलं होतं. शाळेच्या संघाचं, हिरवं, छातीवर शाळेचं पिवळं अक्षर, संघात खेळणाऱ्यालाच मिळतं ते. मला ते कधी मिळणार नव्हतं, म्हणून जिवंतपणी तो मला हात लावू देत नसे. "विटा वाहून अक्षर मिळत नाही रे, दगडा," म्हणायचा. त्या उन्हाळ्यात मी ते अंगावेगळं केलं नव्हतं. शेजारच्या हाव्रानबाई नाक दाबून म्हणाल्या, "पालो, त्या जॅकेटला एकदा पाणी तरी दाखव." मी म्हटलं, "त्याचा वास जाईल." त्यांनी माझ्या मांडीवर कोबीच्या गुंडाळ्यांचं ताट ठेवलं.

स्टेडियममधला कार्यक्रम संपताना दरवर्षीसारखे दिवे घालवले. ही आमची रीत. सगळे खांब एकदम विझतात, आणि एड टार म्हणतो, "जे आज इथे नाहीत त्यांच्यासाठी." मग प्रत्येकाने एक काडी ओढायची. हजारो काड्या. गंधकाचा वास, आणि एवढ्या माणसांत एक चकार शब्द नाही.

त्या शांततेत कर्णा खरखरला.

"एक मुलगा सापडला आहे. नाव मिलान. चौथ्या दाराशी आहे. घरच्यांनी घेऊन जावं."

कोणी मान वळवली नाही. हाव्रानबाई काडीच्या ज्योतीकडे बघत ओठ हलवत होत्या. पण आईची काडी खाली पडली.

"ऐकलंस?"

"बस, आई."

"पालो... ऐकलंस ना तू?"

ती उठायच्या आत मी उठलो. "हाव्रानबाई, हिला धरा," म्हटलं आणि लोकांचे पाय तुडवत खाली पळालो. कोणीतरी मागून शिवी दिली. मला एवढंच कळत होतं, की तिथे जे काही असेल ते आईला दिसता कामा नये. आणि मिलान असेल तर तो आधी मला दिसला पाहिजे.

बोगद्यात ओल्या चुन्याचा आणि जुन्या मुताचा वास नेहमीचा. पण चौथ्या दाराकडे वळलो तर पेपरमिंट. फळ्या जागेवर होत्या, खिळे गंजलेले. खाली, जिथून तिकीट सरकवायचे, ती पत्र्याची फट तेवढी उघडी होती. तिच्यातून वारा येत होता. जुलैत... बर्फावरून येतो तसा वारा.

"अंगात काय आहे?" आतून विचारलं.

 माझ्या तोंडातून उत्तर निघालंच. "पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. कोपरावर ठिगळ."

"तो केव्हाच लहान झाला, बाळा."

"मग... लष्कराचा कोट."

"नाही."

"स्वेटर. बूट. टोपी, कानावरची..."

"नाही."

"मला नाही माहीत!" मी फळ्यांवर मुठी मारल्या. "सगळ्यांना विचारलं! कोणी सांगत नाही मला!"

आत कोणीतरी हललं. दात वाजत होते. चूप बसायचा प्रयत्न करत असताना वाजतात तसे. लहानपणी नदीत पोहून आल्यावर, आईला कळू नये म्हणून, मिलानचे असेच वाजायचे. आणि मग कॉर्बेटने माझी बोटं का सोडवली, फादर आत्म्याला कपडे लागत नाहीत असं का म्हणाले, ते मला कळलं.

"काही नाहीये ना?" मी विचारलं. "काकू... त्याच्या अंगात काहीच नाहीये ना?"



मी जॅकेट काढलं, गुंडाळलं, आणि बाह्या पुढे करून फटीतून सरकवलं. पलीकडून ते ओढून घेतलं गेलं. हळू नाही. हिसकून.

"आता सांगतो," मी म्हटलं. "हिरवं जॅकेट. पिवळं अक्षर."

"बरोबर," आतला आवाज म्हणाला, आणि खिडकीशेजारी खोलीच्या दाराची कडी वाजली.

मला काय झालं कोण जाणे. मी त्या दाराला पाठ लावली आणि दोन्ही टाचा रोवून ते दाबून धरलं. मला भाऊ हवा होता हो. पण बोगद्याच्या तोंडाशी आई उभी होती, निळा रुमाल गळ्यात आलेला. माझ्या पाठीला दारातून एकदा हलका धक्का लागला. मग नाही.

"आहे का?" आईने विचारलं.

"नाही. कोणी नाही. चल."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझं जॅकेट?"

 तिने डोळे मिटले. "बटणं लावलीस का त्याची?" एवढंच विचारलं आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन गेलो आणि सगळ्या फळ्या उचकटल्या. खोली रिकामी. वर्षानुवर्षांची धूळ आणि मधोमध पाण्याचं थारोळं. पाण्यात बोट घातलं ते दुपारपर्यंत बधिर होतं. जॅकेट नव्हतं. मी फळ्या परत ठोकल्या, आणि फट तशीच ठेवली.

मग शरद आला, फुटबॉल सुरू झाला, आणि आई एकही शुक्रवार चुकवेना. दर वेळी मध्यंतरात बँड थांबला की कर्णा खरखरायचा आणि आम्ही दोघंच ऐकायचो, "एक मुलगा सापडला आहे. नाव मिलान. अंगात हिरवं जॅकेट." आई हसून माझ्या गुडघ्यावर थाप मारायची. "बघ, अजून घातलंय त्याने." ती नीट जेवायला लागली. हाव्रानबाईंशी भांडायलाही लागली. आणि मला मात्र रात्री पाठीला तो धक्का लागायचा. वाटायचं, मी दार धरलं नसतं तर?

गेल्या शुक्रवारी दहिवर गोठलं होतं. कर्णा म्हणाला, "अंगात हिरवं जॅकेट. हात उघडे आहेत."

आईने पिशवीतून लोकरीचे हातमोजे काढले. केव्हा विणले होते देव जाणे. "जा, देऊन ये," ती म्हणाली, डबा द्यायला पाठवावं तशी. "मी इथेच बसते. आणि स्वेटरची बटणं लाव, वारा आहे."

ठरवून गेलो होतो, की या वेळी दार धरायचं नाही.

हातमोजे आत दिले. एक ओढला गेला, मग दुसरा. मी म्हटलं, "काकू, आता द्या त्याला. सगळं सांगतो अंगात काय काय आहे ते."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे कोण?"

तेव्हा मला ऐकू आलं. एकाचे दात नव्हते वाजत. खोलीभर वाजत होते. एवढ्याशा खोलीत माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि एकही बोलत नव्हता. त्यांच्यात कुठेतरी मिलान होता, जॅकेट घातलेला, आणि एकटा बाहेर यायला तयार नव्हता. त्याचा स्वभावच तो. मैदानात कोणी पडलं की तो थांबायचा.

मी स्वेटर काढून दिला. शर्ट दिला. बूट मिलानचेच होते, ते फटीतून जाईनात, तर नाड्या काढून, चेपून चेपून घातले. मोजे दिले. प्रत्येक वस्तू हिसकून घेतली जायची, आणि तेवढा दातांचा आवाज कमी व्हायचा.

माझ्या अंगात पँट आणि बनियन राहिलं तेव्हा डोक्यावर कर्णा खरखरला.

"एक मुलगा सापडला आहे. नाव पालो. चौथ्या दाराशी आहे. घरच्यांनी घेऊन जावं."

मी वळलो. बोगद्याचं तोंड होतं तिथे मला काही दिसेना. हात पुढे केला तर बोटांना तिकीटखिडकीची जाळी लागली. माझ्या पुढ्यात. मी आत होतो. आणि पलीकडे लांबून आईची पावलं धावत येत होती, आणि तिचा आवाज, जुन्या बायकांसारखा, ठणठणीत, आनंदाने फुटलेला. या वेळी तिला सगळं माहीत होतं ना.

"राखाडी स्वेटर, काकू! निळा शर्ट! पायात मिलानचे बूट!"

"नाही," माझ्या कानाशी कोणीतरी हळूच म्हणालं. पेपरमिंटचा वास आला.

मी ओरडून आईला खरं सांगू शकलो असतो. पँट, बनियन. दोनच शब्द. पण माझ्या मागे, अंधारात, अजून एकाचे दात वाजत होते.

मी बनियन काढलं आणि त्याला दिलं.