मडगार्डावरचे पाच ठोके

जुन्या जपानी गाड्यांच्या नादी लागलेली माणसं एरवी भली असतात. पण त्यांच्या गाडीला कुणी खोटी म्हणून तर बघा. एका बोल्टच्या माथ्यावरचा पिवळा ठिपका कारखान्यातल्या तपासनिसानं लावलेला की मागून कुणी रंगवलेला, एवढ्यावरून कोल्हापुरात दोन साडू सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आघातवाचक आला आणि ही भांडणं मिटतील असं सगळ्यांना वाटलं.

ते यंत्र मुळात पुलांसाठी केलेलं. पोलादाला बसलेला प्रत्येक धक्का आतल्या कणांची रचना जराशी हलवून जातो, आणि वरून कितीही रंग दिला तरी ती हललेली रचना तशीच राहते. वाचक ती उलगडतो: काय आदळलं, किती जड होतं, किती जोरात, साधारण किती वर्षांपूर्वी. कारखान्यातल्या प्रेसचा दाब वेगळा, पत्र्याचे खळगे काढणाऱ्या डेंटरची हातोडी वेगळी. इतकंच काय, ठोकणाऱ्याच्या हाताची लयही त्याला ओळखू येते. एखादा हात नव्वद टक्के जुळला, की त्याचं नाव आपोआप जगभरच्या संग्राहकांच्या सूचीत चढतं. मग ते कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

प्रल्हाद लोहार हा डेंटर बापाचा डेंटर मुलगा. हल्ली तो हा वाचक घेऊन गाड्या तपासत हिंडायचा; त्यात पहिला नमुना त्यानं स्वतःच्याच हाताचा भरला होता. त्या दिवशी सकाळी अकराला तो उदयसिंह काटकरांच्या शेडमध्ये उभा होता. समोर त्यांची एकाहत्तर सालची लाल, दोन दारांची गाडी. एका जपानी संग्रहालयानं ती मागितली होती आणि दुपारी ती बंदराकडे निघायची होती. फक्त प्रमाणपत्र राहिलं होतं.

"चहा गार होतोय की रं," काटकर म्हणाले. "एक पत्रा जरी बदललेला सापडला, तर मिशी उतरवीन."

"बघतो की साहेब. यंत्राला घाई चालत नाही."

डावं मडगार्ड निर्मळ निघालं. प्रल्हादनं वाचकाचं चुंबक उजव्या मडगार्डाला आतून चिकटवलं आणि पडदा स्टुलावर ठेवला. एकाहत्तर सालचा प्रेसचा दाब आला. पत्रा अस्सल होता. मग कित्येक वर्षं काहीच नाही. आणि मग एकाच जागी पाच आघात, पाऊण मिनिटाच्या आत. आदळलेली वस्तू गोल, पाच किलोच्या आसपास, वरून मऊ, आत कडक. पहिल्या चार वेळा ती मागं ओढ घेत होती. पाचव्या वेळी नुसतंच वजन पडलं. काळ, अकरा वर्षांपूर्वीचा. खाली ओळ होती: अज्ञात हात.

प्रल्हादनं तो आकडा पुन्हा वाचला. अकरा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ धनाजी घाटाखाली डोकं फुटलेला सापडला होता. पोलीस म्हणाले, कुठल्यातरी वाहनानं उडवलं. भंगाराच्या गोदामांतून जुने सुटे भाग हुडकून आणायचं धनाजीचं काम, त्यामुळं कुठल्या गाडीत काय खरं नि काय खोटं हे त्याला पाठ. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "दादा, एका बड्या माणसाची गाडी दोन गाड्या जोडून केलीय, सांगाड्यावरचा नंबरसुद्धा नव्यानं ठोकलाय. उद्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर सांगणार." नाव मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

पडद्यावर पुढची ओळ उमटली. त्या पाच आघातांनंतर आठवड्याच्या आत हातोडीचे तीनशे बारा ठोके. हात: प्रल्हाद लोहार, अठ्ठ्याण्णव टक्के. नाव सूचीत चढवले.

त्याचा विश्वास बसेना. "नमुना, प्रल्हाद लोहार," तो यंत्राला म्हणाला, म्हणजे पुढचे ठोके त्या नावावर धरले जातील, आणि खिशातली हातोडी काढून त्यानं पत्र्याच्या कडेला तीनदा हलके टिचकवलं. अठ्ठ्याण्णव.

मग त्याला आठवलं. धनाजीचं सुतक चालू होतं. सुतकात हत्याराला हात लावायचा नाही, आई ओरडत होती. पण घरात बसवत नव्हतं. एक दलाल गाडीपासून सुटं केलेलं, रंग काढलेलं मडगार्ड घेऊन आला आणि प्रल्हादनं दोन दिवस खपून ते कारखान्यातून आल्यागत करून दिलं. काय पत्रा होता, हाताखाली लोण्यासारखा उघडला, असं तो नंतर चारचौघांत सांगायचासुद्धा. भावाच्या डोक्यानं पडलेला खळगा त्यानं स्वतःच्या हातानं काढला होता.

"काय म्हणतंय यंत्र?" काटकर मागं येऊन उभे होते. त्यांनी पडदा वाचला, अगदी सावकाश वाचला. मग शेडच्या माणसाला म्हणाले, "बंडा, शटर ओढ."

"धनाजीला तुम्ही मारलंत."

"कोण म्हणतंय? इथं नाव तुझंच दिसतंय. माझा हात डोक्यावर होता, पत्र्यावर नव्हता. भावाला मारून खळगा बुजवला, असंच वाचणार जग."

प्रल्हादनं हातोडी फिरवली. ती काटकरांच्या गालफडावर बसली, हाड मोडल्याचा आवाज आला. पुढच्या क्षणी बंडानं त्याला आडवं पाडलं आणि काटकरांनी मोठा पाना उचलून त्याच्या उजव्या पंजावर घातला. एकदा, दोनदा. बोटं वेडीवाकडी झाली. प्रल्हाद ओरडला, पण शटरबाहेर ट्रकांचा गोंगाट होता.

"बोटं गेली, आता जीव राहिलाय," काटकर रक्त थुंकत म्हणाले. "डाव्या हातानं प्रमाणपत्र दे आणि जा."

प्रल्हाद मडगार्डाला धरून कसाबसा गुडघ्यावर आला. चुंबक अजून आत चिकटलेलं होतं. यंत्र चालू होतं. मारणाऱ्याचा हात त्याला ओळखू येत नव्हता, कारण जुळवायला त्याच्याकडं दुसरा नमुनाच नव्हता. कुणी डोकं धरून आपटलं तरी त्या आपटण्याला लय असतेच.

त्याला भयंकर भीती वाटली. तरी तो यंत्राकडे बघत पुटपुटला. "नमुना, उदयसिंह काटकर."

काटकरांना वाटलं, पोरगं गयावया करतंय. "काय?"

"खोटी आहे तुमची गाडी. दोन गाड्यांची जोड आहे. धनाजी खरं बोलला."

काटकरांचा चेहराच बदलला. पाना त्यांनी टाकून दिला. प्रल्हादची मान मागून पकडली आणि त्याचं कपाळ लाल पत्र्यावर आदळलं.

स्टुलावरचा पडदा प्रल्हादला तिरपा दिसत होता. अज्ञात हाताशी जुळणी, एक्केचाळीस टक्के.

"बोल, खरी का खोटी?"

"खोटी."

दुसरा ठोका. डोळ्यात रक्त उतरलं. त्रेसष्ट.

"सायब, मरंल त्यो," बंडा चाचरत म्हणाला. काटकरांना ऐकूच आलं नाही. ते धापा टाकत होते.

"खोटी," प्रल्हाद म्हणाला. दोन दात जिभेवर सुटे झाले होते.

तिसरा ठोका. अठ्ठ्याहत्तर.

आता गप्प बसलं तर सुटकेची थोडी आशा होती. मग गाडी दुपारी बंदराकडे गेली असती आणि सूचीत त्याचं एकट्याचंच नाव राहिलं असतं. प्रल्हादनं तोंडातलं रक्त गिळलं आणि पुन्हा तोच शब्द उच्चारायला ओठ उघडले. धनाजी पाचव्या ठोक्याआधीच गेला होता. नव्वदला पोचायला यंत्राला चार पुरतील का?