संजनाच्या मापाची सायकल

सायकलच्या दुकानात शिरताना डोक्याला टायर आदळतो, असं इंदिरानगरातल्या त्या दुकानात आजवर कुणाच्याही बाबतीत झालं नव्हतं. छताला टांगलेल्या सायकलींखालून गिऱ्हाइकं निवांत ये-जा करायची. संजना आत आली आणि... ठक्.

काउंटरमागून एक तरुण घाईघाईने पुढे आला, तिच्यासमोर थांबला आणि वर बघू लागला. हा दुकानाचा मालक, बुद्धभूषण. आठवड्यापूर्वी तिने याच्याशीच फोनवर बोलून माउंटन बाइकची ऑर्डर दिली होती. त्याच्या भारदस्त आवाजावरून तिने मनात चांगला सहाफुटी माणूस उभा केला होता, आणि हा तर तिच्या हनुवटीला टेकेल एवढाच निघाला. पण डोळे काय होते हो त्याचे... आत्ताच काहीतरी गंमत ऐकून आल्यासारखे.

"लागलं का?"

"नाही. सवय आहे."

त्याने आधी स्टूल आणलं, वर चढून ती सायकल वरच्या हुकाला अडकवली, आणि मग खाली उतरून शक्य तितक्या अदबीने विचारलं, "मॅडम, फोनवर तुम्ही उंची पाच फूट सात सांगितली होती ना?"

"हो."

"आणि आज... हाय हील्स?"

दोघांनीही खाली पाहिलं. संजनाच्या पायात पापडासारखी चपटी चप्पल होती.

आता यात संजनाची चूक होती आणि नव्हतीही. ती भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होती. म्हणजे लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, आणि कुणी बांध हातभर जरी सरकवला असला तरी तोंडावर सांगायचं. असल्या पोरीने स्वतःचंच माप चुकीचं सांगावं म्हणजे कमाल झाली. पण पाच फूट सात हा आकडा तिच्या लग्नाच्या बायोडाटावरचा होता. चार वर्षांपूर्वी तिच्या आईने, लताबाईंनी, तो तसा टाईप करून घेतला होता. पोरगी पाच फूट साडेअकरा आहे हे कळलं तर एक स्थळ दारात यायचं नाही, अशी त्यांना धास्ती. पाहुणे येणार असले की संजनाने आधीच सोफ्यावर बसून राहायचं, चहा मामेबहिणीने आणायचा. तीन वेळा सगळं जुळत आलं, आणि तिन्ही वेळा निरोप द्यायला संजना उठून उभी राहिली तशी मुलाकडच्यांची तोंडं उतरली. तेव्हापासून ती खांदे पाडून, मान पुढे काढूनच चालायची. कुणी उंची विचारली की तोंडातून आपोआप पाच सात बाहेर पडायचं.

यातलं काहीएक न सांगता ती पुण्याहून तिच्यासाठी आलेल्या मीडियम फ्रेमच्या सायकलवर मुकाट्याने बसली. गुडघे हँडलला घासू लागले. सीट वर केली तर नाही का चालणार, तिने विचारलं.

पूर्वी उंच माणसाला तसंच करून द्यायचे, तो म्हणाला. सीटचा दांडा वर काढला की झालं काम. पण हल्लीच्या माउंटन बाइकला ते चालत नाही. उतारावर आपण पेडलवर उभे राहतो, तेव्हा हँडल आणि आपल्यामध्ये अंगाला जागा लागते. ती फ्रेमच्या लांबीतच असावी लागते, सीट वर करून मिळत नाही. लहान फ्रेमवर उंच माणूस दुमडून बसतो. मग पाठ दुखते, मनगटं दुखतात, आणि खडकाळ उतारावर तो थेट हँडलवरून पुढे जाऊन पडतो.

दुमडून हा शब्द संजनाला कुठेतरी लागलाच. ती खाली उतरून माफी मागू लागली, तर त्याने तिला मध्येच थांबवलं. ही मीडियम आठवड्याभरात कुणीतरी नेईल, पण तुमचं माप मात्र आज नीट घेऊ या, म्हणाला.

त्याने तिच्या हातात जाड पुठ्ठ्याची एक डायरी दिली. चप्पल काढून भिंतीला पाठ लावायची, डायरी सायकलच्या सीटसारखी दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायची आणि तिची वरची कड भिंतीला लागेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. एवढं सांगून तो चक्क पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. मागून त्याचे कान लाल झालेले दिसत होते. संजनाला हसू आलं. पायांचं माप एकोणनव्वद सेंटिमीटर भरलं. मग उंचीची पाळी आली.

"सरळ उभ्या राहा."

"उभीच आहे."

"नाही," तो स्टूलवर चढत म्हणाला. "तुम्ही अजून बऱ्याच शिल्लक आहात."

असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. तिने खांदे मागे घेतले, टाचा भिंतीला टेकवल्या, मान वर केली. त्याने तिच्या डोक्यावर हलकेच पट्टी धरली आणि एकशे ब्याऐंशी, असा आकडा इतक्या कौतुकाने वाचला की संजनाला राहवलंच नाही. मग काय, बायोडाटा, सोफा, मामेबहिणीचा चहा, सगळं तिने त्याला सांगून टाकलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "माझ्या आईने माझ्या बायोडाटावर किती लिहिलंय माहितीये? पाच सात."

"आणि खरी?"

"पाच पाच. तीसुद्धा सकाळी. संध्याकाळपर्यंत थोडी कमी होते."

"म्हणजे कागदावर आपण अगदी जोडीचे—" संजना बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

पायांच्या मापाने तिला एक्सएल हवी होती, धडाच्या मापाने लार्ज. दोन्ही चालवून बघितल्याशिवाय ठरवता येणार नव्हतं. एरवी हे काम एका सकाळचं. बुद्धभूषणने त्याला तीन रविवार लावले, आणि संजनानेही घाई केली नाही. डिसेंबरची थंडी, पांडवलेण्यांच्या पायथ्याची खडकाळ वाट, दुकानातली लार्ज आणि मित्राकडून मागून आणलेली एक्सएल. ती उतारावरून यायची, तो मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा आणि कोपरं कुठे हवीत, गुडघे कुठे हवेत ते दाखवायचा. मग टपरीवर चहा. एकदा तिच्या केसांत अडकलेलं वाळकं पान काढायला त्याने हात वर केला, तशी तिने आपणहून मान खाली केली. पान लगेच निघालं. हात मात्र थोडा वेळ तिथेच राहिला...

तिसऱ्या रविवारी एक्सएल ठरली. हँडल धरणारा पुढचा तुकडा आखूड लावला की धडालाही बरोबर बसेल, असं त्याचं मत पडलं. दोघं चहा पीत उभे होते. तेवढ्यात समोरच्या दोन कॉलेजच्या पोरांनी या जोडीकडे बघून एकमेकांना कोपर मारलं. संजनाने ते पाहिलं आणि तिचे खांदे पडले. ती रस्त्याच्या कडेला, उताराकडे एक पाऊल सरकली.

"तुम्ही माझ्याशेजारी नेहमी उताराच्या बाजूला उभ्या राहता," बुद्धभूषण म्हणाला. "पहिल्या रविवारपासून बघतोय."

"सहजच."

"सहज नाही. तुम्ही माझ्यासाठी स्वतःला कमी करता. मला तुम्ही आवडता, संजना... अख्ख्या. त्यातला अर्धा इंचही कमी झालेला मला चालणार नाही."

तिने कप खाली ठेवला. "लोक हसतील तुम्हाला."

"मला लहानपणापासून हसतात. त्याचं काही नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, तुम्हाला माझी लाज वाटते का?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरी शब्द. पण तिचं लक्ष पुन्हा त्या पोरांकडे गेलं आणि शब्द घशातच राहिला. बुद्धभूषणने थोडा वेळ वाट पाहिली, मग हेल्मेट घातलं, ऑर्डर उद्याच पाठवतो म्हणाला आणि निघून गेला.

पुढचे पंधरा दिवस संजनाचं कशातच लक्ष लागलं नाही. मोजणीला गेली तरी आकडे दोन-दोनदा तपासावे लागत होते. मग त्याचा मेसेज आला. सायकल आली आहे, तुमच्या मापाला बसवून ठेवली आहे. तिने नुसतं 'बरं' लिहिलं आणि दुकानात जायचा धीर काही तिला झाला नाही. रोज घरून निघायची आणि इंदिरानगरच्या वळणावरून सरळ पुढे जायची.

रविवारी सकाळी नऊ वाजता सिडकोतल्या त्यांच्या घराची बेल वाजली. लताबाईंनी दार उघडलं, तर बाहेर घामाघूम झालेला बुद्धभूषण आणि एक भलीमोठी हिरवी सायकल. त्याने जयभीम केला, सायकल पोचवायला आलोय म्हणाला. इंदिरानगरातून हायवे ओलांडून त्याने ती हाताने ढकलत आणली होती. सीट संजनाच्या मापाची, त्याचे पाय काही पेडलला पोचेनात. खाली केली असती तर बसून आला असता, पण एकदा नेमकी बसलेली सीट त्याला हलवायची नव्हती. हे सगळं त्याने त्यात काही विशेष नसल्यासारखं सांगितलं.

अनोळखी तरुण दारात दिसताच लताबाईंना सवय नडली. "संजना, बस गं तू," त्या आत वळून म्हणाल्या. आणि संजना सोफ्यापर्यंत गेलीही. मग तिला दारातून ती सायकल दिसली, आणि बाहीने कपाळ पुसणारा तो. तिच्या मापाला धक्का लागू नये म्हणून हा माणूस एवढं अंतर पायी आला, आणि आपण इथे बसायला निघालोय. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

ती वळली. खांदे मागे घेत दाराशी गेली आणि सपाट फरशीवर, त्याच्या अगदी शेजारी उभी राहिली.

"आई, हा बुद्धभूषण. माझ्याहून साडेसहा इंचांनी बुटका आहे आणि मला फार आवडतो. मला याच्याशी लग्न करायचंय." मग ती त्याच्याकडे वळली. "त्या दिवशी तू विचारलं होतंस ना? लाज मला तुझी नव्हती वाटत... माझीच वाटायची. आता नाही वाटत."

बुद्धभूषण सायकल भिंतीला टेकवायला गेला. तेवढंही त्याला जमेना. दोनदा घसरली.

लताबाई दोघांकडे बघत राहिल्या. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वर. त्यांचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मी तुला बसवूनच ठेवलं गं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं." पदराने डोळे पुसून त्यांनी परत एकदा त्या जोडीकडे नीट पाहिलं, आणि त्यांचे ओठ विचित्र थरथरू लागले.

"काय झालं, आई?"

"लोक हसणार गं तुम्हाला."

"हसू देत."

"मग आधी मीच हसून घेते," असं म्हणून लताबाई दाराची चौकट धरून अशा काही हसल्या, की शेजारचे बाहेर येऊन बघू लागले. बुद्धभूषणलाही हसू आवरेना. संजनाने शेजाऱ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला, आणि मान ताठ ठेवून तीही पोटभर हसली.